घरच्या राउटरची फायरवॉल: काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवा राउटर बसवला आहे. त्याच्या ‘सिक्युरिटी’च्या पानावर फायरवॉलचे लो, मीडियम आणि हाय असे तीन पर्याय दिसतात. खाली डीओएस प्रोटेक्शन, यूपीएनपी, डीएमझेड, एएलजी, ‘वॅनकडून येणारं पिंग अडवा’ (वॅन म्हणजे राउटरची इंटरनेटकडची बाजू, पिंग म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक) अशा चौकटींची रांग आहे. घरात दोन लॅपटॉप, काही फोन, टीव्ही, गेमिंग कन्सोल आणि कॅमेऱ्यांचा एक रेकॉर्डर आहे, आणि आपण बाहेर असतानाही रेकॉर्डर बघता आला पाहिजे. फायरवॉल ‘हाय’वर टाकली की काम झालं का, की आणखी नियम लिहावे लागतील?

‘हाय’ची गरज नाही, आणि नवे नियम बहुधा एक-दोनच लागतील. घरच्या राउटरची फायरवॉल पेटीतून निघतानाच तिचं मुख्य काम बऱ्यापैकी नीट करत असते. घरची नेटवर्क फोडली जातात ती सहसा या भिंतीत आधीच पडलेल्या भोकांतून. ती कधी आपण पाडतो, कधी घरातलं एखादं उपकरण आपल्याला न विचारता पाडतं, कधी राउटर बनवणाऱ्याने ठेवलेली असतात. म्हणून ‘आणखी काय अडवू?’ याआधी ‘आत्ता काय उघडं आहे?’ हे बघायचं. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहितो.

आधी ही फायरवॉल करते काय ते बघू, कारण ते कळलं की निम्म्या चौकटींचं कोडं आपोआप सुटतं. बहुतेक राउटरांच्या पोटात लिनक्स असतं आणि पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गाळण्याचं काम त्यातलं नेटफिल्टर करतं. २००१ च्या लिनक्स २.४ पासून ते आहे. त्याचा गाभा म्हणजे चालू जोडण्यांचा एक तक्ता. लॅपटॉपने एखादी वेबसाइट उघडली की राउटर त्यात नोंद करतो: आतला पत्ता आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) अमुक, बाहेरचा पत्ता आणि पोर्ट तमुक, प्रोटोकॉल टीसीपी. बाहेरून पॅकेट आलं की ते या तक्त्याशी ताडून बघायचं. जुळलं तर आत, नाही जुळलं तर तिथेच गाळलं. यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये जोडणी नावाचा प्रकारच नसतो, तरी राउटर तशी नोंद ठेवतो, फक्त ती लवकर पुसतो. एकाच बाजूने गेलेल्या यूडीपीची नोंद लिनक्सच्या मूळ मांडणीत ३० सेकंदांत जाते, तर जुळलेली टीसीपी जोडणी गप्प बसली तरी ५ दिवस टिकते. पुष्कळ राउटरांत हा दुसरा आकडा बराच कमी केलेला असतो.

सेटिंगच्या पानावर यालाच ‘एसपीआय फायरवॉल’ म्हणतात. ही चौकट चालूच असली पाहिजे. नेटचा वेग थोडा वाढेल म्हणून ती बंद करण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो. तो ऐकू नका.

‘नॅट आहे ना, मग फायरवॉल कशाला?’ हे पुष्कळदा ऐकू येतं. नॅटचं काम पत्ते बदलण्याचं आहे. घरात १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते आणि बाहेर एकच सार्वजनिक पत्ता, यांच्यातली ती देवाणघेवाण. न मागितलेलं पॅकेट आत कुणाकडे पाठवायचं हे नॅटला कळत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा वाया जातं आणि त्यातून संरक्षणाचा आभास होतो. पण गाळणीचा नियमच नसेल, तर राउटरच्या बाहेरच्या बाजूला त्याच जाळ्यावर बसलेला माणूस १९२.१६८.१.५० असा पत्ता घालून पॅकेट थेट राउटरकडे ढकलू शकतो, आणि राउटर इमानदारीने ते आत पोचवेल. अडवण्याचं काम फायरवॉलच करते. आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, तर हा फरक फारच महत्त्वाचा ठरतो. त्याकडे पुढे येतो.

आता लो, मीडियम, हाय. या शब्दांना सर्वमान्य अर्थ नाही, प्रत्येक कंपनीचा वेगळा. काही राउटरांत ‘लो’ म्हणजे बाहेरून येणारं जवळपास काहीच न अडवणं, काहींत तेच साधं एसपीआय. ‘हाय’ बहुतेक ठिकाणी उलट दिशेला हात घालतं: घरातून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीत फक्त वेब, मेल, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) असे मोजके पोर्ट सोडायचे, बाकी बंद. मग व्हिडिओ कॉल अडखळतात, खेळ जोडले जात नाहीत, ऑफिसचं व्हीपीएन लागत नाही, आणि चार दिवसांनी घरातलं कुणीतरी वैतागून फायरवॉलच पूर्ण बंद करून टाकतं. पर्यायाखाली बारीक अक्षरांत त्याचा खुलासा असतो, तो वाचा. ज्या पर्यायात ‘आत येणारं सगळं अडवा, बाहेर जाणारं सोडा’ असं लिहिलं असेल तो तुमचा. बहुतेकदा तो मीडियम निघतो.

भोकं शोधताना पहिली नजर राउटरच्या स्वतःच्या दारावर. ‘रिमोट मॅनेजमेंट’, ‘वेब अ‍ॅक्सेस फ्रॉम वॅन’ किंवा अशाच नावाची सोय बंद हवी. ती चालू असली की राउटरचं लॉगिन पान जगात कुणालाही दिसतं. पासवर्ड जबर असला तरी त्या पानाच्या प्रोग्रॅममध्येच चूक निघाली तर पासवर्डचा उपयोग शून्य. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास मोडेमांतल्या अशाच एका चुकीतून सुमारे ४५ लाख मोडेमांचं डीएनएस बदललं गेलं. लोक ओळखीच्याच वेबसाइटचं नाव टाइप करत होते आणि पोचत होते चोरांच्या सर्व्हरवर. तेव्हा टेलनेट, एसएसएच, एफटीपी या दुरून उपकरण चालवण्याच्या किंवा फाइल पाठवण्याच्या सेवा वॅनच्या बाजूला चालू दिसल्या तर त्याही बंद करा. टेलनेट तर आतल्या बाजूलाही नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर यांची फौज उभी केली ती टेलनेटच्या २३ आणि २३२३ या पोर्टांवर कंपनीने दिलेले ६० हून अधिक ठरावीक नाव-पासवर्ड आलटून पालटून. त्यात चलाखी काहीच नव्हती. लोकांनी पासवर्ड बदलले नव्हते, एवढंच.

राउटरच्या प्रशासनाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा, कारण वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना द्यावा लागतो. त्याच पानावर डब्ल्यूपीएस पिनची (पासवर्डऐवजी पिनने वायफायला जोडण्याची) सोय दिसली तर तीही घालवा. त्या आठ आकडी पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासले जातात, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. हे २०११ पासून जगजाहीर आहे.

सेवा पुरवणाऱ्या कंपनीने दिलेल्या राउटरात आणखी एक दार असतं: टीआर-०६९, पोर्ट ७५४७. कंपनी त्यातून दुरून सेटिंग बदलते, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराईच्याच एका नव्या अवताराने या पोर्टावर धडका दिल्या आणि जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. राउटर तुमच्या मालकीचा असेल तर टीआर-०६९ बंद करा. कंपनीचा असेल तर ते बहुधा तुमच्या हातात नसतं; मग कंपनीची पेटी ब्रिज मोडमध्ये (जिथे ती नॅट न करता वाहतूक नुसती पुढे सोडते) टाकून घेऊन मागे स्वतःचा राउटर लावणं हा उपाय. ब्रिज मोड न मागता नुसता दुसरा राउटर जोडला तरी चालतं, पण मग नॅट दोनदा होतं आणि पोर्ट उघडायचा तर दोन्हीकडे उघडावा लागतो. अशा मांडणीत एक गोष्ट विसरायची नाही: मागच्या राउटरच्या आतून पुढच्या राउटरवरची उपकरणं गाठता येतात, उलट नाही. म्हणजे ज्यांच्यावर विश्वास कमी ती उपकरणं पुढच्या पेटीला आणि लॅपटॉप मागच्या राउटरला. लोक हे सर्रास उलटं जोडतात.

आता यूपीएनपी, म्हणजे घरातल्या कुठल्याही उपकरणाने राउटरला ‘माझ्यासाठी अमुक पोर्ट उघड’ म्हणायचं आणि राउटरने मुकाट ऐकायचं. पासवर्ड नाही, तुमची परवानगी नाही. कन्सोलला याचा उपयोग होतो हे खरं, पण तीच विनंती रेकॉर्डर करू शकतो, स्वस्तातला बल्ब करू शकतो, आणि लॅपटॉपवर शिरलेला व्हायरसही करू शकतो. तुम्ही पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे हाताने उघडलेल्या पोर्टांचं, पान रिकामं बघून निश्चिंत असता आणि यूपीएनपीच्या तक्त्यात चार नोंदी बसलेल्या असतात. म्हणून आधी ते पान उघडून बघा. बहुतेक राउटर तिथे आत्ताच्या नोंदी दाखवतात. रेकॉर्डरचा पत्ता तिथे दिसला तर तो आत्ता या क्षणी जगाला दिसतो आहे असं समजा. त्यावर कहर म्हणजे काही राउटर यूपीएनपीच्या विनंत्या बाहेरूनही ऐकत. रॅपिड७ या कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत इंटरनेटवरून अशा हाकेला ओ देणारे ८ कोटींहून जास्त पत्ते सापडले होते.

माझं मत सरळ आहे: यूपीएनपी बंद. कन्सोल कुरकुरला तर डीएचसीपीच्या (उपकरणांना आतले पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर त्याचा आतला पत्ता कायमचा राखून ठेवा आणि त्याला लागतो तेवढाच पोर्ट हाताने द्या. एक्सबॉक्सला ३०७४ लागतो. इतरांचे त्यांच्या मदतपानांवर मिळतात. पत्ता राखून ठेवणं विसरू नका, नाहीतर उद्या तोच पत्ता दुसऱ्या उपकरणाला मिळेल आणि उघडा पोर्ट त्याच्या गळ्यात पडेल.

कन्सोलसाठी डीएमझेडचा सोपा मार्ग मात्र नको. मोठ्या संस्थांत डीएमझेड म्हणजे आतल्या जाळ्यापासून तोडलेला वेगळा विभाग. घरच्या राउटरातला डीएमझेड म्हणजे ज्या पॅकेटांना दुसरा धनी नाही ती सगळी एका ठरावीक उपकरणाकडे पाठवणं, आणि ते उपकरण बसलेलं असतं बाकीच्यांच्या शेजारी, त्याच जाळ्यावर. ते फुटलं की घर फुटलं. डीएमझेडचा एकच रास्त उपयोग मला माहीत आहे: नॅट दोनदा होत असेल तेव्हा पुढच्या पेटीने सगळं मागच्या राउटरकडे सोपवणं, कारण तिथे दुसरी फायरवॉल उभी असते.

रेकॉर्डरचं काय करायचं, हाच तुमच्या प्रश्नातला खरा नाजूक भाग. बसवणारा माणूस बहुधा येऊन ८० किंवा ५५४ पोर्ट फॉरवर्ड करून देतो, फोनवर चित्र दाखवतो आणि जातो. रेकॉर्डरांचं फर्मवेअर वर्षानुवर्षं अपडेट होत नाही, आणि त्यांची लॉगिन पानं सुरक्षेच्या बाबतीत राउटरच्याही मागे असतात. नेहमीचा पोर्ट सोडून ४८१२३ सारखा अवघड पोर्ट दिला तर? त्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, बाकी काही नाही. मिशिगन विद्यापीठात तयार झालेल्या झेडमॅपने २०१३ मध्येच दाखवून दिलं होतं की एका संगणकावरून, गिगाबिटच्या जोडणीवर, एका पोर्टासाठी आयपीव्ही४ चं सगळं सार्वजनिक इंटरनेट पाऊण तासात धुंडाळता येतं. आणि असे शोध घेऊन निकाल मांडून ठेवणाऱ्या सेवा आहेतच. शोडान त्यातली सगळ्यांना माहीत असलेली.

योग्य मार्ग व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यापर्यंत येणाऱ्या कूटबद्ध बोगद्याचा, आणि तोही तुमच्या स्वतःच्या घराचा. पैसे देऊन दुसऱ्या देशातला पत्ता मिळवून देणारं ते व्हीपीएन नव्हे. राउटरात वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन सर्व्हरची सोय असेल तर ती चालू करा, फोनवर त्याचं अ‍ॅप टाका, आणि रेकॉर्डरचे फॉरवर्ड केलेले पोर्ट काढून टाका. बाहेर असताना आधी व्हीपीएन लावायचं, मग रेकॉर्डर त्याच्या आतल्याच पत्त्यावर बघायचा. दोन्ही असतील तर मी वायरगार्ड घेईन. ते एकाच यूडीपी पोर्टावर चालतं, प्रचलित पोर्ट ५१८२०, आणि योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटाला ते उत्तरच देत नाही. धुंडाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. राउटरात ही सोय नसेल तर सतत चालू राहणाऱ्या एखाद्या छोट्या संगणकावर वायरगार्ड बसवून तेवढा एकच पोर्ट फॉरवर्ड करा. नियम एक-दोनच लागतील असं वर म्हटलं, त्यातला हा एक.

पण त्याआधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी पत्ता काय आहे ते बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर सेवा कंपनीने तुम्हाला स्वतःच्या नॅटच्या मागे बसवलं आहे. याला सीजीनॅट म्हणतात. मग तुम्ही कितीही पोर्ट उघडले तरी आयपीव्ही४ वरून बाहेरचा माणूस पोचणार नाही. आणि ‘सेटिंग बरोबर आहे तरी चालत नाही’ या रडगाण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागून घ्या, किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरा, जिथे दोन्ही टोकं बाहेरच्या दिशेने जोडणी करतात आणि मध्ये भेटतात.

रेकॉर्डर कंपनीचं क्लाउड अ‍ॅपही असंच काम करतं: रेकॉर्डर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जोडून ठेवतो, फोन तिकडून चित्र घेतो. एकही पोर्ट उघडा लागत नाही. उघड्या पोर्टापेक्षा ते नक्की बरं. पण मग घरातलं चित्र कुणाच्या हातातून जातं याचा भरवसा त्या कंपनीवर टाकावा लागतो, आणि ती बाहेर जाणारी जोडणी असल्याने तुमची फायरवॉल त्यात काहीही करत नाही.

आयपीव्ही६ हे सगळ्यांत दुर्लक्षित भोक. इथे प्रत्येक फोनला, टीव्हीला, रेकॉर्डरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि नॅट मध्ये नसतं. म्हणजे आयपीव्ही४ वर नॅटमुळे झाकून जाणारी चूक इथे झाकली जात नाही. फक्त फायरवॉलचा नियम उभा असतो. घरच्या राउटरने आयपीव्ही६ वर न मागितलेली वाहतूक कशी अडवावी हे २०११ च्या आरएफसी ६०९२ या तांत्रिक दस्तऐवजात सांगितलेलं आहे आणि बरेच राउटर ते पाळतात. पण काही राउटरांत आयपीव्ही६ फायरवॉलची चौकट वेगळ्या पानावर असते, आणि ती मोकळी सापडू शकते. ते पान शोधून काढाच. एका घराच्या जाळ्यात १८ वर १८ शून्यं इतके पत्ते मावतात, मग कोण शोधणार, असा युक्तिवाद केला जातो. पत्ते एकामागून एक धुंडाळता येत नाहीत हे खरं, पण तुमचं उपकरण ज्या ज्या सर्व्हरला भेट देतं त्याला त्याचा पत्ता कळतोच.

आयपीव्ही६ बद्दल उलटी खबरदारीही आहे. ‘आयसीएमपी वाईट’ असं कुठेतरी वाचून आयसीएमपीव्ही६, म्हणजे पिंग आणि अडचणींचे निरोप नेणारा प्रोटोकॉल, सरसकट अडवू नका. आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेट तोडून लहान करत नाहीत. ते ‘पॅकेट मोठं आहे’ असा निरोप उलट पाठवतात, आणि तो निरोप आयसीएमपीव्ही६ मधूनच येतो. तो अडला की काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, आणि कारण शोधता शोधता डोकं उठतं.

बाकीच्या चौकटी पटापट उरकतो. ‘वॅनकडून पिंग अडवा’: ठेवा किंवा काढा, फारसा फरक नाही, पिंगला उत्तर न देणारा पत्ता धुंडाळणाऱ्यांच्या यादीतून गळत नाही, ते थेट पोर्ट तपासतात. मॅक फिल्टरिंग: वेळ घालवू नका. मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा हार्डवेअर-क्रमांक, हवेतून वाचता येतो आणि बदलताही येतो, शिवाय आताचे फोन मुळातच प्रत्येक वायफायला वेगळा बनावट मॅक देतात. डीओएस प्रोटेक्शन: नावाला भुलू नका. तुमची लाइन भरून टाकण्याइतका मारा झाला तर पॅकेट राउटरपाशी पोचेपर्यंत लाइन आधीच भरलेली असते. राउटरने ती टाकून दिली तरी तुमचं नेट बंदच. उलट ही चौकट टिचकवली की काही राउटर प्रत्येक पॅकेट मुख्य प्रोसेसरकडून तपासून घेतात, वेग वाढवणारं हार्डवेअर बाजूला पडतं आणि वेगवान जोडणी रांगायला लागते. कंपनीने चालू देऊन पाठवली असेल आणि त्रास नसेल तर राहू द्या. मुद्दाम चालू करून मर्यादेचे आकडे घटवत बसू नका.

एएलजीबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त. इंटरनेट-फोनच्या एसआयपीसारख्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये पत्ता पॅकेटच्या मजकुरात असतो. एएलजी तो वाचून बदलतं आणि लागेल तो पोर्ट तात्पुरता उघडतं. म्हणजे हा यूपीएनपीचाच चुलतभाऊ, न सांगता भोक पाडणारा. ऑक्टोबर २०२० मध्ये सॅमी कामकार यांनी दाखवलं की नुसतं एक वेबपान उघडायला लावून, ब्राउझरकडून एसआयपीसारखं दिसणारं पॅकेट पाठवून, एएलजीला फसवता येतं आणि आतल्या उपकरणाचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडता येतो. त्यानंतर ब्राउझरांनी ५०६० आणि ५०६१ हे पोर्ट अडवले. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनसेवासुद्धा एसआयपी एएलजी बंद ठेवल्यावरच बहुधा नीट चालतात. ते घालवा. घरात तशी फोनसेवा असेल तर बंद केल्यावर एक कॉल लावून बघा, एवढंच.

आता फायरवॉलला जे दिसतच नाही त्याबद्दल. घरातल्या एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाहतूक राउटरमधल्या स्विचवरून परस्पर जाते, नियमांपर्यंत ती पोचतच नाही. म्हणजे टीव्ही बिघडला आणि लॅपटॉपकडे डोकावायला लागला तर राउटरची फायरवॉल, ‘हाय’वर असली तरी, गप्प राहील. यासाठी दोन गोष्टी. एक, लॅपटॉपांची स्वतःची फायरवॉल चालू ठेवा. दोन, टीव्ही, रेकॉर्डर, बल्ब, स्पीकर ही मंडळी गेस्ट नेटवर्कवर टाका, आणि ‘पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क दिसू द्या’ ही चौकट मोकळी आहे ना ते बघा. तोटा असा की फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवणं किंवा गेस्टवरच्या रेकॉर्डरला घरच्या वायफायवरून, व्हीपीएनमधून गाठणं अडू शकतं. राउटर व्हीलॅन, म्हणजे एकाच पेटीत वेगळी केलेली जाळी, आणि त्यांच्यातले नियम देत असेल तर ‘मुख्य जाळ्यातून रेकॉर्डरकडे जाऊ द्या, उलट नको’ असा नियम लिहिता येतो, आणि हा दुसरा नियम. देत नसेल तर मी टीव्ही आणि बल्ब गेस्टवर टाकेन आणि रेकॉर्डर मुख्य जाळ्यात ठेवून त्याचं इंटरनेटच बंद करेन. पेरेंटल कंट्रोल किंवा अ‍ॅक्सेस कंट्रोलच्या पानावरून हे जमतं. घरच्या व्हीपीएनमधून तो तरीही दिसतो, आणि त्याला बाहेर कुणाशी बोलायचं कारण नाही; घड्याळ जुळवायचं असेल तर ते बरेच राउटर स्वतःच पुरवू शकतात.

बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर यापलीकडे फार नियम लिहू नका. ४४५ हा विंडोजच्या फाइल शेअरिंगचा पोर्ट बाहेरच्या दिशेने बंद केलात तर चांगलंच आहे, घरात बसून इंटरनेटवर तो कुणाला लागत नाही. पण घुसखोर प्रोग्रॅम आजकाल ४४३ वरून, साध्या वेब वाहतुकीसारखेच, बोलतात. पोर्टच्या नियमांनी ते सापडत नाहीत. त्यापेक्षा राउटरचं डीएनएस क्वाड९ कडे, म्हणजे ९.९.९.९ वर वळवणं जास्त कामाचं. ज्ञात घातक नावांना ते उत्तरच देत नाही.

सगळं झाल्यावर तपासणी बाहेरून करायची. घरच्याच वायफायवर बसून स्वतःचा सार्वजनिक पत्ता तपासला तर निकाल फसवा येतो, कारण राउटर तुम्हाला आतलाच माणूस समजून उत्तर देतो. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून लॅपटॉप जोडा आणि एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या प्रोग्रॅमने टीसीपीचे सगळे ६५,५३५ पोर्ट तपासा. पिंगला उत्तर येत नसलं तरी तपास, असा पर्याय त्याला द्यावा लागतो. एनमॅप नको असेल तर गिब्सन रिसर्चचं ‘शील्ड्स अप’ ब्राउझरमधूनच पहिले १,०५६ पोर्ट बघून सांगतं, आणि ते घरच्या जोडणीवरूनच उघडायचं असतं. निकालात ‘क्लोज्ड’ आणि ‘फिल्टर्ड’ दोन्ही चालतील. पहिल्यात राउटर नाही म्हणून कळवतो, दुसऱ्यात गप्प बसतो, आत कुणालाच घेत नाही. ‘ओपन’ दिसलं तर मात्र तो पोर्ट कुणाचा हे सापडेपर्यंत थांबू नका. सीजीनॅट असेल तर ही तपासणी कंपनीच्या पत्त्याची होते, तिच्यावरून काही ठरवू नका. आणि आयपीव्ही६ साठी वेगळी तपासणी, लॅपटॉपच्या आयपीव्ही६ पत्त्यावर आणि रेकॉर्डरच्याही.

लॉग चालू केलात तर दिवसभर अनोळखी पत्त्यांच्या टकटकीच्या ओळी दिसतील. त्यात व्यक्तिशः तुमच्यावर कुणाचा डोळा नसतो. प्रत्येक सार्वजनिक पत्त्यावर हे चालतं, आणि ओळीत ‘ड्रॉप’ लिहिलं आहे याचा अर्थ फायरवॉल काम करते आहे. बघण्यासारखी नोंद वेगळी असते: प्रशासन पानावर तुम्ही नसताना झालेलं लॉगिन, किंवा आपोआप बदललेलं डीएनएस.

बदल करण्याआधी सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून घ्या, तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरून काम करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला; म्हणजे काही बंद पडलं तर कशामुळे ते कळतं. फर्मवेअर अपडेट आपोआप होऊ द्या, पण मोठ्या अपडेटनंतर यूपीएनपी आणि रिमोट मॅनेजमेंट पुन्हा चालू तर झालेलं नाही ना, एवढं डोकावून बघा. मे २०१८ मध्ये उघडकीला आलेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक प्रोग्रॅमने ५४ देशांत किमान ५ लाख उपकरणं, त्यात बहुतांश घरगुती आणि छोट्या ऑफिसांचे राउटर, पोखरली होती, तीही मुख्यतः जुन्या, माहीत असलेल्याच चुकांमधून. म्हणून ज्या राउटरला उत्पादकाने अपडेट देणं थांबवलं आहे त्यावर वरची सगळी मेहनत करत बसू नका. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर त्याच्यावर चालत असेल तर ते चढवा, नाहीतर तो बदला. जुना राउटर आत अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरायला हरकत नाही. मात्र त्या मोडमध्ये त्याची स्वतःची फायरवॉल चालत नाही, त्यामुळे इंटरनेटची तार चुकूनही थेट त्याला लावू नका.